एका उपपदाची गोष्ट

मराठीत निश्चित उपपद नसल्यामुळे आपल्या विद्यार्थ्यांना तो विषय परका आणि किरकोळ वाटतो. परंतु एका उपपदाच्या अभावावर अर्धशतकाहून अधिक काळ वाद चालू आहे, आणि तो वाद व्याकरणाचा नाही.

जून १९६७ च्या युद्धात इस्रायलने वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम, गाझा, सिनाई आणि गोलान टेकड्या ताब्यात घेतल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात सुरक्षा परिषदेने २४२ क्रमांकाचा ठराव संमत केला. सैन्य कोठून मागे घ्यायचे हे सांगताना इंग्रजी संहितेत ‘प्रदेश’ या शब्दाआधी निश्चित उपपद नाही; फ्रेंच संहितेत ते आहे. माघार सर्व प्रदेशांतून की काही प्रदेशांतून, हा वाद तेथून सुरू झाला. वस्तुतः युद्धाने भूमी संपादन करणे अग्राह्य आहे, असे त्याच ठरावाच्या प्रास्ताविकात नमूद आहे. संदर्भाकडे पाठ फिरवून एका शब्दावर अडून बसणे, याला आम्ही वाईट वाचन म्हणतो.

मात्र आमच्या मते ठरावातील खरी उणीव उपपदाची नव्हे, नामाची आहे. त्यात पॅलेस्टिनी लोकांचा नामोल्लेखच नाही. आहे तो केवळ निर्वासितांचा प्रश्न. स्वयंनिर्णय म्हणजे अखेर स्वतःच्या वाक्याचा कर्ता होण्याचा हक्क. आमसभेने तो १९७४ साली मान्य केला. १९८८ साली अल्जीअर्स येथे घोषित झालेल्या, कवी महमूद दरवीश यांनी लिहिलेल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात तो उच्चारला गेला.

जुलै २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या सल्लागारी मतात व्याप्त प्रदेशातील इस्रायलचे वास्तव्य बेकायदा ठरवले. सप्टेंबरात आमसभेने ते संपवण्यासाठी १२ महिन्यांची मुदत घातली. १२४ राष्ट्रांनी ठरावाच्या बाजूने मत दिले. १९८८ सालीच पॅलेस्टाइनला मान्यता देणारा भारत तटस्थ राहिला. मुदत उलटली, ताबा उठला नाही.

इस्रायली नागरिकांचे भय खोटे नाही, आणि ७ ऑक्टोबर २०२३ च्या हत्याकांडाचे समर्थन कोणत्याही न्यायाच्या नावाने होऊ शकत नाही. परंतु एका समाजाच्या भयामुळे दुसऱ्या समाजाचे कर्तेपण कायमचे रद्द होत नाही.

संहितेतील मौन वाचणे हा आपला अभ्यासविषय आहे. २४२ मधील मौन आपण वाचलेच पाहिजे. आणि आपल्या देशाच्या तटस्थतेतले मौनही.