जुन्या गाडीचे पुस्तक

जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाला लोक दोनच सल्ले देतात. एक, "विकून टाका हो आता", आणि दुसरा, "चांगला मेकॅनिक पकडून ठेवा." गाडीचे पुस्तक मिळवा, असा सल्ला मला आजवर कुणी दिलेला नाही. पुस्तक म्हणजे डॅशबोर्डच्या कप्प्यात असते ते नव्हे. ते पुस्तक गाडी चालवणाऱ्यासाठी असते. ऑइल कसे पाहावे, टायरमध्ये हवा किती भरावी, फ्यूज कुठे आहेत, एवढे सांगून झाले की पुढे प्रत्येक पानावर "अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधा." मी म्हणतो ते दुसरे, गाडी उघडणाऱ्यासाठी लिहिलेले. त्याला सर्व्हिस मॅन्युअल म्हणतात, आणि ते गाडीबरोबर मिळत नाही.

आमच्याकडे १९९८ सालची मारुती ८०० आहे. कार्बोरेटरवाली. ती का ठेवली याची कारणे सांगत बसलो तर लेख तिकडेच जाईल. एवढेच सांगतो, की मनीषनगरहून सौ.च्या गुडघ्यांसाठी महिन्यातून दोनदा धंतोलीला जावे लागते, स्कूटर आता माझ्याने होत नाही, आणि ही गाडी मला हातापायांसारखी ओळखीची आहे. २०२३ मध्ये तिच्या नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण झाले, तेव्हा तपासणीत ती व्यवस्थित पास झाली. दिल्लीसारखी पंधरा वर्षांनंतर पेट्रोल गाडी रस्त्यावर आणायचीच नाही अशी बंदी आपल्याकडे नाही.

मागच्या हिवाळ्यात ती सकाळी मिसिंग करू लागली. वयोमानाप्रमाणे होणारच. मेकॅनिकने बॉनेट उघडून पाहिले तर कार्बोरेटरच्या भोवतालच्या बारीक रबरी नळ्या (हे लोक त्यांना व्हॅक्यूम पाइप म्हणतात) वाळून तडकल्या होत्या, आणि दोन तर आधी कुणीतरी काढून तोंडे बंदच करून टाकलेली होती. नवा पाइप मीटरवर मिळतो, अगदी स्वस्त. पण कोणता पाइप कुठून निघून कुठे जातो?

"सर, पहिले पाठ होतं हे सगळं," मेकॅनिक म्हणाला. "आता दहा-बारा वर्षांत कार्बोरेटरची गाडी येते कुठे? पोरांना तर स्कॅनर लावल्याशिवाय काही समजतच नाही."

"पुस्तकात असेल ना?"

"पुस्तक पाहून गाडी बनते काय, सर!" तो हसला. मग जरा थांबून म्हणाला, "चित्र भेटलं तर आणा मात्र."

तर, चित्र शोधायला निघालो. आणि इथे मला कळले की "मारुती ८०० चे पुस्तक" असे काही एक नसतेच. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली, आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबले. या तीस वर्षांत नाव तेच राहिले, आत गाडी बदलत गेली. पहिली चौकोनी गाडी १९८६ पर्यंत. मग नवा सांगाडा आला. १९९७ मध्ये चेहरा गोल झाला. २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले तसा कार्बोरेटर जाऊन इंधन फवारणारी एमपीएफआय पद्धत आली. म्हणजे माझ्या गाडीसारखीच दिसणारी, तीनच वर्षांनी तरुण असलेली गाडी बॉनेटखाली वेगळ्या जातीची! तिचे पुस्तक मला पंचांगाइतकेही उपयोगाचे नाही.

बर्डीवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत डिप्लोमाची जाडजूड इंग्रजी पुस्तके मिळाली. कार्बोरेटर म्हणजे काय हे त्यांत उत्तम समजावलेले आहे (मी बी. ए., तेही मराठी माध्यमातून, तरी समजले, म्हणजे पाहा), पण ते सर्वसाधारण कार्बोरेटरबद्दल, माझ्या कार्बोरेटरबद्दल नव्हे. शेजारच्या मुलाने इंटरनेटवरून काही प्रती काढून दिल्या. एक होती ओम्नीची. इंजिन जवळचे नातेवाईक, तेच ७९६ सीसी, तीन सिलिंडर. पण ओम्नीत ते पुढच्या सीटखाली बसते आणि मागची चाके ओढते, आमच्यात ते पुढे बसते आणि पुढची चाके ओढते. तेव्हा इंजिनाच्या पोटातली पाने चालतील. गिअरबॉक्स, क्लचची तार, पाइपांची मांडणी नाही चालणार. दुसरी होती "सुझुकी ऑल्टो" नावाची. ती जपानी ऑल्टोची निघाली. तिकडे छोट्या गाड्यांना त्या काळी ५५० सीसीची मर्यादा होती, म्हणून सांगाडा आपला आणि इंजिन भलतेच. तिसरीने मात्र मला चकित केले. ती पाकिस्तानातल्या मेहरान गाडीची होती. आपल्या १९८६ नंतरच्या मारुतीचे आणि तिचे मूळ एकच, आणि तिकडे ती २०१९ पर्यंत बनत राहिली. आपण ज्याला आपले म्हणतो त्याचे सख्खे भावंड कराचीत निघावे, हा नागपूरकराला मौजेचा अनुभव आहे. असो.

योग्य पुस्तक शेवटी मिळाले ते एका निवृत्त आयटीआय निदेशकांकडे. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की मुखपृष्ठ पाहू नका, चासी नंबर पाहा. पुस्तकाच्या सुरुवातीला ते कोणत्या मॉडेलला लागू आहे ते छापलेले असते, ते आधी ताडून घ्या. दुसरी गोष्ट मला फार आवडली. कंपनी प्रत्येक बदलाला नवे पुस्तक काढत नाही, मूळ पुस्तकाला पुरवणी काढते. पुरवणीत फक्त बदललेले असते, बाकीसाठी मूळ पुस्तक लागते. आयुष्यभर पुरवण्या बांधून घेतलेल्या मास्तराला हे वेगळे समजवावे लागले नाही! मुख्य उत्तरपत्रिकेशिवाय पुरवणी तपासता येत नाही, तसेच हे. माझ्या गाडीला दोन्ही लागत होते, आणि पाइपांचे चित्र पुरवणीत होते.

आता मुद्द्यावर येतो. माझे मत असे, की ज्या गाडीला रस्त्यावर चालायची परवानगी सरकार देते, तिच्या दुरुस्तीचे पुस्तक कुणालाही मिळाले पाहिजे. चालू मॉडेलचेच नव्हे, बंद पडलेल्याचेही. उलट बंद पडलेल्याचे आधी. नवी गाडी वॉरंटीत असते, तिच्या मालकाला पुस्तकाची काय गरज? गरज लागते पंधराव्या वर्षी. मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क २०२२ पासून पाच हजार रुपये झाले, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना दहा हजार केले गेले. २०२८ मध्ये मला ते भरावे लागेल. भरीन. पण एवढे घेऊन "गाडी ठीक ठेवा" म्हणायचे, आणि ठीक म्हणजे काय हे ज्या पुस्तकात लिहिले आहे ते उपलब्ध नाही, हे मला पटत नाही.

कुणी म्हणेल, मेकॅनिकला सगळे येते. येते, मान्य आहे. त्याच्या बोटांत जे आहे ते कुठल्याच पुस्तकात नाही. पण किती ताकदीने बोल्ट आवळायचा याचा आकडा बोटांत नसतो. प्लग जिथे बसतो ते हेड ॲल्युमिनियमचे, जरा जोर जास्त झाला की आटा जातो, आणि शंभर रुपयांच्या कामाचे हजारो होतात. पुस्तकात त्या प्रत्येक बोल्टपुढे आकडा छापलेला आहे. शिवाय आमच्या मेकॅनिकने साठी ओलांडली आहे. त्याच्यानंतर त्या पोरांनी कुणाला विचारायचे?

हे गाऱ्हाणे माझे एकट्याचे नाही. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड सुनावला होता. सुटे भाग, तपासणीची यंत्रे आणि दुरुस्तीची पुस्तके बाहेरच्या गॅरेजना मिळू दिली जात नाहीत, हाच त्यातला मुद्दा. पुढे अपिले झाली. डिसेंबर २०१६ मध्ये अपिली न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या बाबतीत निष्कर्ष कायम ठेवले पण दंड कमी केला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली याच प्रश्नावर थेट मतदान झाले आणि शेकडा ८६ मते दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने पडली. आपल्या केंद्र सरकारनेही जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि डिसेंबरात "राइट टू रिपेअर" नावाचे संकेतस्थळ उघडले. त्यात मोटारी धरल्या आहेत, हे चांगलेच झाले.

पण मला त्याहून साधी गोष्ट सुचते. आपल्याकडे १९५४ चा एक कायदा आहे, पुस्तक छापले की त्याच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायच्या. त्याच धर्तीवर, मॉडेल बंद झाले की त्याचे पुस्तक आणि सगळ्या पुरवण्या प्रत्येक जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये ठेवायला काय हरकत आहे? धंद्याचे गुपित म्हणाल, तर जी गाडी तुम्ही विकतच नाही तिचे कसले गुपित! बालभारती शाळेची पुस्तके संगणकावर फुकट वाचायला देते, त्याने तिचे काही अडलेले नाही.

आणि जमले तर मराठीत. गॅरेजमधल्या पोरांना पाना, आटा, टॅपेट, क्लच प्लेट हे शब्द नीट माहीत आहेत, तेच वापरा. शब्दकोशातून काढलेले अवघड शब्द घालून ते पुस्तक पुन्हा कुलपात टाकू नका म्हणजे झाले.

माझ्याकडच्या पाइपांच्या चित्राची लॅमिनेट केलेली प्रत आता मेकॅनिकच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली आहे. गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते, चोक मात्र ओढावा लागतो. परवा एक ओम्नीवाले गृहस्थ त्या चित्राचा मोबाइलवर फोटो काढत होते. त्यांना म्हटले, हे तुमच्या उपयोगाचे नाही, उद्या सकाळी घरी या, तुमच्या गाडीचे पुस्तक माझ्याकडे पडून आहे.