दिवाळी शरदातली

दिवाळी आली म्हणजे थंडी आली, असे आपण धरून चालतो. पंचांग तसे म्हणत नाही. आश्विन-कार्तिक हा शरद ऋतू. हेमंत लागतो तो मार्गशीर्षात. म्हणजे आपण फराळाचे डबे भरतो तेव्हा दुपारचे ऊन अजून चटके देत असते आणि पावसाळ्यात मंदावलेली भूक पुरती सावरलेली नसते. आयुर्वेदाने शरद हा पित्ताचा काळ मानला आहे. नरकचतुर्दशीला कोकणात कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावतात, ती चाल या दिवसांना शोभणारीच आहे.

तेव्हा भगिनींनो, तळणाचा घाणा बेताचाच घाला. चकल्या थोड्या करा, चिवडा भाजक्या पोह्यांचा करा आणि रात्री मुगाची खिचडी, वर साजूक तूप. तीळ आणि बाजरी यांना पौषात भोगीचा मान आहेच.

साफसफाईचेही असेच. पावसाळ्याची ओल काढायला या उन्हासारखा गडी नाही. गाद्या, रजया, धान्य त्याच्या हवाली करा; धान्याच्या डब्यात कडुलिंबाचा सुकवलेला पाला घाला. मात्र माळा एकटीने काढू नका. डबे मुलांना पुसू द्या, शिडीवर यजमानांना चढवा. घर लखलखीत आणि गृहिणी अंथरुणात, अशी दिवाळी काय कामाची? अभ्यंगाच्या पाटावर यंदा तुम्हीही निवांत बसा.