प्रश्न इंग्रजीत, उत्तर बंगालीत

१९८०च्या दशकातील एक पावसाळा मी विसरू शकलेलो नाही. भागीरथीच्या काठी गटविकास अधिकारी म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो. नदी फुगली, काही गावे पाण्याखाली गेली आणि लोकांनी शाळांच्या इमारतींत आसरा घेतला. वरून आलेला आदेश एका ओळीचा होता. ‘रिलीज ग्रेन पेंडिंग व्हेरिफिकेशन ऑफ लिस्ट्स’ असे त्याचे शब्द होते. मी ती ओळ दोनदा वाचली आणि धान्य रोखून धरले. ‘पेंडिंग’ म्हणजे अडलेले, तुंबलेले. फाईल पेंडिंग असते, बिल पेंडिंग असते. तेव्हा याद्यांची पडताळणी पेंडिंग असेल तर धान्यही पेंडिंग, असा माझा सरळ हिशेब. आदेशाचा अर्थ नेमका उलट होता. पडताळणी पूर्ण होईपर्यंत थांबू नका, तोवर धान्य देत राहा, असे त्यात सांगितले होते. तिसऱ्या दिवशी एक ज्येष्ठ सहकारी पाहणीला आले. कोठाराचे कुलूप पाहून त्यांनी आदेशाचा कागद मागवला आणि काहीही न बोलता त्या एका शब्दावर बोट ठेवले. तोवर शाळेतील कुटुंबांनी कोरडे पोहे आणि गुळावर दिवस काढले होते.

मी इतिहासाचा पदव्युत्तर विद्यार्थी होतो. कायमधारा पद्धतीवरचे जाडजूड इंग्रजी ग्रंथ मी वाचले होते आणि त्यांतील अवघड शब्द वहीत उतरवून पाठही केले होते. मला अडवणारा शब्द त्या वहीत असणे शक्यच नव्हते, कारण तो रोजच्या बोलण्यातला होता. ज्या शब्दाचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे असे वाटते, त्यासाठी कोणी शब्दकोश उघडत नाही.

निवृत्तीनंतर एका लहान शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात मी आठवड्यातून दोन संध्याकाळी स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. बहुतेक जण बंगाली माध्यमाचे आहेत आणि प्रत्येकाच्या पिशवीत इंग्रजी शब्दांची एक यादी असते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एक बंगाली प्रतिशब्द, रोज तीस पाठ करायचे. यांतील एका शेतकऱ्याच्या मुलीला ‘लोक्वेशस’ म्हणजे बडबड्या हे झोपेतही सांगता येते. रशियावर लादलेल्या ‘सँक्शन्स’विषयीचा एक इंग्रजी उतारा मी तिला दिला, तेव्हा मात्र तिने सारांशात रशियाला पाश्चात्त्य देशांनी मंजुरी दिल्याचे लिहिले. तिच्या यादीत ‘सँक्शन’पुढे ‘अनुमोदन’ एवढेच होते. तिला ‘निषेधाज्ञा’ हा बंगाली शब्द ठाऊक नव्हता असे नाही. बंगाली वृत्तपत्रांत रशियाच्या संदर्भात तो तिने कितीतरी वेळा वाचला होता. एकाच इंग्रजी शब्दाच्या पोटात हे दोन्ही शब्द राहतात, एवढे तिला कोणी दाखवले नव्हते. ‘ओव्हरसाइट’ हाही याच जातीचा शब्द. देखरेख आणि देखरेखीतील चूक या दोहोंना तो चालतो. लेखापरीक्षणाच्या अहवालात कोणता अर्थ घ्यायचा यावर एखाद्याची बढती अवलंबून असू शकते.

उलट दिशेने पाहिले तरी तीच गत. ‘अप्रूव्ह’, ‘एन्डॉर्स’, ‘रॅटिफाय’, ‘असेन्ट’ या चारही शब्दांपुढे तिच्या यादीत पुन्हा ‘अनुमोदन’च. विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळणे, एखादा करार संसदेने मान्य करणे आणि कारकुनाच्या रजेच्या अर्जावर साहेबांनी सही करणे, हे सारे तिच्या लेखी एक झाले. इथे उणीव इंग्रजीची नाही. या तीन कृती वेगळ्या आहेत, हे तिला बंगालीतही कोणी शिकवलेले नाही. प्रगत इंग्रजी शब्दसंपदा नाही म्हणून आपण ज्यांना दोष देतो, त्यांच्यापैकी अनेकांना प्रगत बंगालीच मिळालेली नसते.

जिथे बंगाली श्रीमंत आहे तिथे हीच मुले चटकन शिकतात, हा माझा अनुभव आहे. ‘ग्लिटर’, ‘ग्लीम’, ‘शिमर’, ‘ग्लिमर’ हे शब्द यादीतून पाठ करायला महिना लागतो आणि आठवड्यात ते विसरले जातात. पण बंगालीत झकझक, चकचक, चिकचिक, झिलमिल अशी प्रकाशाची सारी उतरंड आहे. तळ्यावरचे ऊन आणि घासलेले पितळ यांच्यासाठी आजीसुद्धा वेगळे शब्द वापरते. अशा ध्वन्यात्मक शब्दांवर रवींद्रनाथांनी स्वतंत्र निबंध लिहिला आहे. मी मुलांना एवढेच विचारले की तळ्यावर कोणता शब्द आणि पितळेवर कोणता. चारही इंग्रजी शब्द अर्ध्या तासात आपापल्या जागी जाऊन बसले.

उच्चाराची अडचण याहून वेगळी आणि काहीशी क्रूर आहे. प्रमाण बंगालीत ‘झेड’चा ध्वनी नाही, तो ‘ज’मध्ये विरघळतो. त्यामुळे ‘झेलस’ म्हणजे उत्साही आणि ‘जेलस’ म्हणजे मत्सरी हे दोन्ही शब्द बंगाली तोंडातून सारखेच बाहेर पडतात. आमच्या सराव मुलाखतीत एका तरुणाने आपण ‘जेलस’ कार्यकर्ता असल्याचे अभिमानाने सांगितले आणि मंडळातील आम्ही तिघे हसलो. मीही हसलो, हे नमूद केले पाहिजे. माझी आजी बारिसालची. पूर्व बंगालच्या बोलींत ‘ज’ उलट ‘झेड’कडे झुकतो, त्यामुळे तिच्या गावच्या माणसाने मत्सराचाही उत्साह करून टाकला असता. या साध्या ध्वनिशास्त्रीय गोष्टीला मुलाखतीच्या खोलीत ‘व्यक्तिमत्त्वाचा अभाव’ असे नाव मिळते.

ही मुले अशा स्थितीत कशी आली, याचे उत्तर शोधताना मला माझ्याच सेवाकाळाकडे पाहावे लागते. डाव्या आघाडीच्या सरकारने १९८०च्या दशकाच्या प्रारंभी सरकारी प्राथमिक शाळांतून इंग्रजी काढले आणि मुलांची इंग्रजीशी पहिली भेट सहावीत होऊ लागली. हेतू वाईट नव्हता. घरात अक्षर नसलेले मूल परक्या भाषेच्या ओझ्याने शाळा सोडते, हे निरीक्षण खरे होते. जिल्ह्याच्या बैठकांत मी या धोरणाचे समर्थन केले, आणि पुढे माझ्या मुलाचे नाव खासगी इंग्रजी शाळेत घातले. माझ्या ओळखीच्या बहुतेक अधिकाऱ्यांनी तेच केले. इंग्रजी त्यामुळे बंगालमधून गेली नाही. ती सरकारी वर्गातून उठून खासगी शिकवणीत जाऊन बसली, जिथे फी भरावी लागते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस ती तिसरीपासून आणि २००४ पासून पहिलीपासून परत आणली गेली. परत आली ती पाठांतराच्या रूपात. बंगालीच्या तासाचा तिच्याशी काही संबंध असतो, असे वेळापत्रक करणाऱ्यांना आजही वाटत नाही.

ही गोष्ट केवळ बंगालपुरती राहत नाही, याचे कारण केंद्रीय लोकसेवा आयोगाची प्रश्नपत्रिका आहे. कोठारी समितीच्या १९७६ मधील अहवालानंतर, १९७९ पासून, नागरी सेवा परीक्षेत आठव्या अनुसूचीतील भाषांत उत्तरे लिहिता येऊ लागली. हे मोठे पाऊल होते. पण प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजी अशा दोनच भाषांत निघते. बंगाली, मराठी किंवा तमिळ माध्यमाच्या उमेदवाराला मुख्य परीक्षेत उत्तर आपल्या भाषेत देता येते, प्रश्न मात्र दुसऱ्याच्या भाषेत समजून घ्यावा लागतो. पूर्वपरीक्षेत तर लिहायचे काहीच नसते; सारी परीक्षा वाचण्याचीच. माझे विद्यार्थी ‘एल्युसिडेट’, ‘इव्हॅल्युएट’, ‘क्रिटिकली एक्झामिन’ या तिन्ही सूचनांचा अर्थ ‘आलोचना करा’ असाच घेतात, आणि बंगालीत आलोचना म्हणजे साधी चर्चा. हिंदी प्रश्नपत्रिकेचा आधार घ्यावा तर तिथे आलोचना म्हणजे दोषदर्शन. (नागपूरचा माझा एक मित्र कोलकात्यात आला असता, आम्ही शिक्षणालाच ‘शिक्षा’ म्हणतो हे ऐकून मनमुराद हसला होता. संस्कृतने आपल्याला शब्द एकच दिले, अर्थ ज्याचे त्याने ठरवले.)

२०११ मध्ये पूर्वपरीक्षेत ‘सी-सॅट’ आली, २०१४ मध्ये तिच्याविरुद्ध दिल्लीच्या रस्त्यांवर आंदोलन झाले, त्या वर्षी इंग्रजी आकलनाचे गुण वगळण्यात आले आणि २०१५ पासून ती ३३ टक्के गुणांच्या पात्रतेपुरती उरली. त्या वादाचे रूप हिंदी विरुद्ध इंग्रजी असे झाले. इतर भाषांचा उमेदवार त्यात कुठेच दिसला नाही, कारण त्याच्या भाषेत प्रश्नपत्रिकाच नसल्याने तिच्या वाईट अनुवादाची तक्रार तरी तो कशी करणार?

सर्व भाषांत प्रश्नपत्रिका काढणे अव्यवहार्य आहे, अनुवादात चुका होतील, गोपनीयता राहणार नाही, ही उत्तरे मी सेवेत असताना स्वतः दिली आहेत. आज ती टिकत नाहीत. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ १३ भाषांत होते, अभियांत्रिकीची ‘जेईई मेन’ही तितक्याच भाषांत. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील शिपाई भरतीची परीक्षा २०२४ पासून हिंदी-इंग्रजीखेरीज १३ प्रादेशिक भाषांत घेतली जाते. भावी डॉक्टर आणि शिपाई बंगालीत किंवा मराठीत प्रश्न वाचू शकतात. ज्याला पुढे त्याच लोकांमध्ये जाऊन कारभार करायचा आहे, त्या भावी जिल्हाधिकाऱ्याला मात्र ती मुभा नाही.

अधिकाऱ्याला इंग्रजी आलीच पाहिजे, असे यावर कोणी म्हणेल. मला ते पूर्णपणे मान्य आहे. कोठाराचे ते कुलूप हाच माझ्यापुरता त्याचा पुरावा आहे. त्यासाठी मुख्य परीक्षेत ३०० गुणांची सक्तीची इंग्रजी पत्रिका आहेच, ती राहावी. तिच्यात दुर्मीळ शब्दांऐवजी आदेश, कायदे आणि अहवाल यांतील वाक्यांचे अर्थ अधिक विचारले तर आणखी उत्तम. इंग्रजीची परीक्षा इंग्रजीच्या पत्रिकेत घ्यावी. भूगोलाच्या प्रश्नाआड लपवून घेऊ नये.

रवींद्रनाथांनी १८९२ मध्ये ‘शिक्षार हेरफेर’ हा निबंध लिहून परकीय भाषेतून होणाऱ्या शिक्षणावर टीका केली आणि १९३७ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या दीक्षान्त समारंभात बंगालीतून भाषण केले. मातृभाषेचे कैवारी हे दोन्ही प्रसंग नेहमी सांगतात. याच रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनच्या मुलांसाठी इंग्रजीची प्राथमिक पुस्तके स्वतः तयार केली, हे सांगायला ते बहुधा विसरतात. त्यांना दोन्ही कामे एकाच माणसाची वाटत होती. आपल्या शिक्षण खात्यांत ती दोन वेगळ्या मजल्यांवर चालतात. वैज्ञानिक आणि तांत्रिक परिभाषेसाठी १९६१ पासून केंद्रीय आयोग आहे, पण विद्यार्थ्याला पारिभाषिक शब्दाइतकाच ‘पेंडिंग’ आणि ‘सँक्शन’चा कोश हवा आहे. नेहमीच्या इंग्रजी शब्दांचे दुसरे-तिसरे अर्थ, प्रत्येकाला एक वाक्य आणि त्या वाक्यात बसणारा बंगाली शब्द, एवढेच त्यात असले तरी पुरे. असा कोश प्रत्येक राज्याला आपल्या भाषेत करता येईल. त्याला फार पैसा लागत नाही; चांगले शिक्षक लागतात आणि त्यांना वर्षभराची मोकळीक.

तोवर आम्ही ग्रंथालयात आमच्यापुरती वही करतो आहोत. त्या शेतकऱ्याच्या मुलीने आपली जुनी यादी बाजूला ठेवून पान आडवे केले आहे, म्हणजे एका शब्दापुढे तीन-चार बंगाली शब्द मावतात. गेल्या आठवड्यात ‘पेंडिंग’ची पाळी आली. दोन्ही अर्थ तिने लिहून घेतले आणि दुसऱ्या अर्थासाठी एखादे उदाहरण मागितले. मी ते दिले. धान्य कोणी अडवले होते हेही सांगितले. येत्या पूर्वपरीक्षेला ती बसणार आहे. हिंदी तिला जेमतेम कळते, म्हणून प्रश्न ती इंग्रजीतून वाचेल.