उजनीचं गणित संगणक मांडेल, हिशोब आपण मागायचा

आमच्या घरातल्या कॅलेंडरवर दोन प्रकारच्या खुणा असतात. एक सणावारांच्या, दुसऱ्या पाण्याच्या. ज्या दिवशी नळाला पाणी येतं त्या तारखेभोवती अम्मी गोल करते आणि पुढचे चार-पाच दिवस मोजत राहते. सोलापुरात हे नवीन नाही. पाणी रात्री दोनला येणार की पहाटे चारला, हे वॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाला माहीत असतं. त्याचा फोन नंबर ज्या बाईकडे, तिचा गल्लीत मान मोठा.

२०२४ च्या उन्हाळ्यात अम्मीने विचारलं होतं, "उजनी उणे साठ टक्के म्हणतात. शून्याच्या खाली पाणी कसं असतं रे?" प्रश्न साधा होता, पण मला नीट उत्तर देता आलं नाही. नंतर समजून घेतलं. उजनी धरणात एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं ६३.६६ टीएमसी मृतसाठा आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. उपयुक्त साठा संपला की आकडा शून्य होतो आणि त्यापुढे आपण मृतसाठ्यातून पितो. उणे साठ म्हणजे धरण कोरडं नव्हे, धरणात तेव्हाही तीसेक टीएमसी पाणी असतं. मग वरचे ५३ टीएमसी कुठे गेले, कोणी ठरवलं आणि ठरवताना आमची गल्ली कोणाच्या डोळ्यांसमोर होती का, हा खरा प्रश्न आहे.

अलीकडे या प्रश्नाला एक तयार उत्तर मिळतं: आता सगळं संगणकावर आहे. ते खोटं नाही. जागतिक बँकेच्या मदतीने राबवलेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात राज्याच्या जलसंपदा विभागाने कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी पूर-अंदाजाची आणि धरण-परिचालनाची संगणकीय प्रणाली उभी केली. पाऊस आणि नदीची पातळी मोजणारी स्वयंचलित केंद्रं बसवली. ती माहिती डेन्मार्कच्या डीएचआय या संस्थेने तयार केलेल्या प्रारूपात जाते. घाटात इतका पाऊस पडला तर किती पाणी ओढ्या-नाल्यांतून नदीत येईल, ते दौंडला कधी पोहोचेल, उजनीची पातळी कितीने वाढेल, आज इतके दरवाजे उचलले तर पंढरपूरला चंद्रभागा कुठवर चढेल, हे आधीच मांडून बघता येतं. पूर्वी हा अंदाज अनुभवी अभियंत्याच्या डोक्यात असायचा. तो निवृत्त झाला की अंदाजही त्याच्याबरोबर घरी जायचा.

अशा साधनाला विरोध करणं वेडेपणाचं होईल. ऑक्टोबर २०२० आठवा. परतीच्या पावसाने झोडपलं तेव्हा उजनी आधीच भरलेलं होतं. लाखोंनी क्युसेक पाणी सोडावं लागलं आणि भीमाकाठची गावं, पंढरपूरचे घाट पाण्याखाली गेले. अशा वेळी दोन दिवस आधी मिळालेला नेमका आकडा म्हणजे वाचलेली जनावरं आणि वाचलेली माणसं.

पण इथेच एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. सप्टेंबरच्या शेवटी धरण शंभर टक्के भरून ठेवायचं की परतीच्या पावसासाठी थोडी जागा रिकामी ठेवायची? भरून ठेवलं तर उन्हाळ्याची सोय होते, पण पंढरपूरच्या नदीकाठच्या वस्तीला धोका. जागा ठेवली आणि पाऊस आलाच नाही, तर एप्रिलमध्ये उसाचं आवर्तन हुकतं आणि आमचा नळ आणखी लांबतो. संगणक दोन्ही बाजूंचे आकडे मांडून देतो. कोणाचा धोका किती मोठा मानायचा, हे तो ठरवत नाही. ते माणसं ठरवतात आणि मग "प्रणालीनुसार" असा शब्द वापरून मोकळी होतात. माझा आक्षेप या शब्दाला आहे.

साधा हिशोब करून बघू. एखाद्या शहराला रोज १७० दशलक्ष लिटर पाणी लागतं असं धरलं, तर वर्षाचे होतात सव्वादोन टीएमसीपेक्षाही थोडे कमी. सोलापूरसाठी धरणातून थेट जलवाहिनी आहेच, पण ती पुरत नाही म्हणून नदीतूनही पाणी सोडतात. ते शंभर किलोमीटरहून लांबचा प्रवास करून औज आणि चिंचपूरच्या बंधाऱ्यांत पोहोचतं आणि टाकळीहून उपसलं जातं. अशा एका आवर्तनाला सहसा पाच-सहा टीएमसी लागतात. म्हणजे शहराच्या नावावर एका खेपेत जेवढं पाणी सुटतं, तेवढ्यात शहराची दोन वर्षं निघावीत! उरलेलं वाळूत मुरतं, उन्हात उडतं आणि वाटेतल्या मोटारी उचलतात. त्या मोटारींच्या मागे शेतकरी आहे, तोही आपलाच आहे. पण "शहर सगळं पाणी पितं" असा राग ग्रामीण भागात असतो आणि शहरात पाचव्या दिवशी बादली भरते. दोघांनाही खरा आकडा कोणी दाखवलेला नाही. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या या जिल्ह्यात ऊस किती लावायचा, हा प्रश्न तर कोणत्याच संगणकाला विचारला जात नाही. ऊस आधीच गृहीत धरलेला असतो आणि उरलेल्या पाण्याचं गणित मांडलं जातं.

आवर्तनाचा निर्णय कालवा सल्लागार समितीत होतो. पालकमंत्री, आमदार, अधिकारी बसतात. बैठकीनंतर आपल्याला कळते ती फक्त तारीख. समोर कोणते पर्याय होते, कोणता नाकारला, का नाकारला, हे कळत नाही. २०२१ मध्ये उजनीतून इंदापूरला पाच टीएमसी सांडपाणी उचलण्याचा आदेश निघाला तेव्हा जिल्हा पेटला आणि महिन्याभरात तो रद्द करावा लागला. धरणात मिसळलेलं पाणी "सांडपाणी" म्हणून वेगळं कसं मोजणार, हे कोणी सांगितलं नव्हतं. आकडा लोकांपासून लपला की त्याच्यावरचा विश्वासही जातो, मग तो बरोबर असला तरी.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने काय केलं ते आपण पाहिलं. ज्या नदीला वर्षातले बरेच महिने धार नसते, तिने माढा, मोहोळ, करमाळ्याची गावं बुडवली, पुणे महामार्गावरची वाहतूक थांबवली. माझी खाला नदीकाठच्या एका गावात राहते. तिच्या मोबाईलवर संदेश आला होता: अमुक इतका क्युसेक विसर्ग, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावं. ती म्हणाली, "क्युसेक म्हणजे माझ्या उंबऱ्यापर्यंत की छपरापर्यंत, ते लिहायचं ना." रात्री शेजारच्या पोरांनी मंदिराच्या आणि मशिदीच्या भोंग्यावरून ओरडून सांगितलं तेव्हा ती शेळ्या सोडून बाहेर पडली. दोन शेळ्या गेल्या, शिलाई मशीन गेलं. संगणकाचा आकडा आणि खालाचा उंबरा यांच्यामध्ये जी जागा रिकामी आहे, ती सॉफ्टवेअरने भरत नाही. तिथे माणूस लागतो.

याउलट शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार पाहा. तिथे पाऊस मोजतात, गावाच्या वाट्याला किती पाणी आलं याचा ताळेबंद मांडतात आणि ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठरवतात की यंदा कोणतं पीक घ्यायचं. हेही एक प्रारूपच आहे, फक्त प्रत्येकाला कळणारं. गाव लहान आहे, उजनीचं लाभक्षेत्र अफाट आहे, हे मान्य. म्हणूनच उजनीला संगणक लागेल. पण तत्त्व तेच राहील: हिशोब उघड्यावर मांडायचा.

माझ्या मागण्या चारच आहेत. कालवा समितीच्या बैठकीआधी आठ दिवस, प्रणालीने दाखवलेले पर्याय मराठीत, सगळ्यांना समजतील असे जाहीर करावेत. निर्णयानंतर कोणता पर्याय निवडला आणि का, हे लिहून द्यावं. प्रत्येक पुरानंतर अंदाज काय होता आणि प्रत्यक्षात काय झालं, हे शेजारी शेजारी छापावं. चूक झाली असेल तर तीही. आणि समितीत कालव्याच्या टोकाचा शेतकरी, धरणातला मच्छीमार आणि शहराच्या टोकाच्या वस्तीतली एक बाई, यांना बोलावं. यासाठी नवं यंत्र लागत नाही.

आपल्या समाजात पाण्याच्या प्रश्नावर मोर्चा निघतो तो रिकाम्या घागरी घेऊन, महापालिकेच्या दारात. निघायलाच हवा. पण पाण्याचा निर्णय त्याच्या कितीतरी आधी, शंभर किलोमीटर वर झालेला असतो. आपल्या शिकलेल्या पोरापोरींनी, मोहल्ल्यातल्या संगणक क्लासमधून निघालेल्यांनी, आता तिथलेही कागद मागायला शिकलं पाहिजे. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे.

काल अम्मीने पुन्हा एका तारखेभोवती गोल केला. तिचं ते कॅलेंडरही पाण्याचा अंदाजच बांधतं. फरक एवढाच की त्यात काय लिहिलंय आणि का लिहिलंय, हे घरातल्या प्रत्येकाला वाचता येतं.