निर्बंध ब्रसेल्सचे, खोळंबा वाडिनारला

युरोपीय संघाने १८ जुलै २०२५ रोजी रशियाविरुद्ध निर्बंधांचा अठरावा संच जाहीर केला. त्यात गुजरातमधील वाडिनार येथे वर्षाला २ कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण प्रकल्प चालवणाऱ्या नायरा एनर्जीचेही नाव होते. कंपनी भारतीय, मात्र तीत रशियाच्या रोसनेफ्टचा वाटा ४९.१३ टक्के. चारच दिवसांत मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाल्या. प्रश्न मात्र मिटला नाही.

आजवर आपले उद्योग जोखीम मोजत ती कच्च्या मालाच्या भावाची आणि चलनाच्या दराची. आता भागीदार कोण, जहाजाचा विमा कोणाचा, पैसा कोणत्या बँकेतून जातो आणि संगणकप्रणाली कोणत्या देशाच्या कायद्याला बांधलेली आहे, हेही मोजावे लागेल. निर्बंधित संस्थेची मालकी निम्म्याहून कमी असली की कंपनी सुरक्षित, हा समजही वाडिनारने खोटा ठरवला. युरोपने कंपनीचे नावच थेट यादीत घातले.

रशियन तेल सोडून द्यावे, असे सुचवणे सोपे आहे. गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करणाऱ्या देशाने स्वस्त तेल घेतले, यात गैर काही नव्हते. डिसेंबर २०२२मध्ये पाश्चात्त्य देशांनी ठरवलेली पिंपामागे ६० डॉलरची मर्यादा रशियन तेल बाजारात येत राहील, हे गृहीत धरूनच आखलेली होती. पण सप्टेंबर २०२५मध्ये ती ४७.६ डॉलरवर आली, ऑक्टोबरात अमेरिकेने रोसनेफ्ट व लुकॉइलवर थेट निर्बंध लादले आणि जानेवारी २०२६पासून रशियन तेलापासून बनलेल्या इंधनाला युरोपने दार बंद केले. वर्षातून एकदा जोखमीचा आढावा घेणाऱ्या संचालक मंडळाला हा वेग झेपणारा नाही.

एकतर्फी निर्बंध आपण मानत नाही, ही भारत सरकारची भूमिका तत्त्वतः योग्यच आहे. परंतु भूमिकेने बंद पडलेली ई-मेल सुरू होत नाही. अमेरिकेच्या परदेशी निर्बंधांपासून आपल्या कंपन्यांना वाचवण्यासाठी युरोपने १९९६मध्ये कायदा केला होता. तरीही २०१८मध्ये अमेरिकी निर्बंध परतताच युरोपीय कंपन्यांनी इराणमधून काढता पाय घेतला. म्हणजे असा कायदा भारतानेही करावा. पण त्यावर विसंबून राहू नये.

ऊर्जा, बँका आणि बंदरे यांच्यासाठी पर्यायी संगणकसेवा सज्ज ठेवणे, सेवाकरारातील वाद भारतीय न्यायालयांच्या कक्षेत आणणे आणि स्वतंत्र विधी विभाग नसलेल्या छोट्या निर्यातदारांसाठी सरकारी मार्गदर्शन कक्ष उभारणे, ही कामे आजच हाती घेता येतील. व्यूहात्मक स्वायत्तता परराष्ट्र खात्याच्या निवेदनात घोषित होते. तिची परीक्षा मात्र कारखान्याच्या दारात होते.