स्टेडियमला जनतेचा कौल लागत नाही

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात अटलांटा शहराला लागून कॉब काउंटी नावाचा सुखवस्तू उपनगरी जिल्हा आहे. या जिल्ह्याच्या शासनमंडळाने २६ नोव्हेंबर २०१३ रोजी चार विरुद्ध एक अशा मतांनी एक ठराव संमत केला. अटलांटा ब्रेव्हज या धंदेवाईक बेसबॉल संघाच्या नव्या स्टेडियमसाठी सार्वजनिक तिजोरीतून ३० कोटी डॉलर देण्याचा तो ठराव होता. संघाच्या मालकांनी शहर सोडून कॉबमध्ये येण्याची घोषणा केली होती ११ नोव्हेंबरला. म्हणजे सुमारे सात लाख वस्तीच्या जिल्ह्याला तीस वर्षे फेडाव्या लागणाऱ्या कर्जावर विचार करण्यास मिळाले ते अवघे पंधरा दिवस! आणि याच जिल्ह्यात, मोटार नसलेल्या माणसाने कामावर कसे जावे, हा प्रश्न १९६५ सालापासून पडून आहे.

१९६५ हे वर्ष मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी अटलांटात दोन गोष्टी घडल्या. पहिली, शहराचे मोठे स्टेडियम उभे राहिले. आपण हे स्टेडियम मालकीत नसलेल्या जमिनीवर, खिशात नसलेल्या पैशाने आणि करारबद्ध न झालेल्या संघांसाठी बांधले, असे महापौर आयव्हन ॲलन मोठ्या अभिमानाने सांगत. ज्या जमिनीविषयी हे उद्गार होते तेथे काळ्या श्रमिकांची जुनी वस्ती होती. ‘नागरी पुनरुत्थाना’च्या नावाखाली ती भुईसपाट करण्यात आली आणि समरहिल या शेजारच्या मोहल्ल्याच्या वाट्याला वाहनतळांचे डांबर तेवढे आले. दुसरी गोष्ट, महानगराच्या सार्वजनिक वाहतुकीसाठी ‘मार्टा’ हे प्राधिकरण स्थापण्याचा कायदा झाला आणि त्यात सामील व्हावे की नाही, याविषयी पाच काउंट्यांत मतदान घेण्यात आले. कॉबने त्याच वर्षी नकार दिला.

येथेच या साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे. स्टेडियमसाठी कोणालाही काही विचारण्यात आले नाही. रेल्वे आणि बससाठी मात्र विचारण्यात आले, पुन्हा पुन्हा विचारण्यात आले. १९६८ साली मार्टाच्या उभारणीचा प्रस्ताव मतदारांपुढे गेला आणि कोसळला, कारण ज्या काळ्या वस्त्यांना बसची सर्वाधिक गरज होती त्यांना आराखड्यात स्थानच नव्हते. १९७१ साली प्रस्ताव पुन्हा आला तेव्हा त्या वस्त्यांनी आपली किंमत वाजवून घेतली. ४० सेंटचे भाडे १५ सेंटवर आणायचे आणि सात वर्षे तेथेच ठेवायचे, हे वचन मिळाल्यावर फुल्टन आणि डीकाल्ब या दोन काउंट्यांनी होकार दिला. क्लेटन आणि ग्विनेट यांनी नाकारले. रेल्वे १९७९ साली धावू लागली ती या दोन काउंट्यांच्या जिवावर, आणि काउंटीच्या सीमारेषेशी येऊन थबकली.

ही सीमारेषा नकाशावरची साधी रेघ नव्हे. १९६४ साली डॉ. राममनोहर लोहिया यांना मिसिसिपीतील जॅक्सन गावी गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या उपाहारगृहाच्या दारात अटक झाली होती. दारावरची ती पाटी कायद्याने त्याच वर्षी उतरवली. परंतु पाटीचे काम पुढे काउंटीच्या सीमेने पत्करले. विलगीकरण संपल्यानंतर शहर सोडून उपनगरांत गेलेल्या गोऱ्या मध्यमवर्गाला आगगाडी नको होती, कारण आगगाडीबरोबर कोण येईल याची त्याला धास्ती होती. मार्टा या आद्याक्षरांचा ‘आफ्रिकनांना अटलांटातून झपाट्याने हलविणारी गाडी’ असा हिणकस विग्रह त्या उपनगरांत दशकानुदशके रुळला. २०१३ साली स्टेडियमचा विषय निघाला तेव्हाही कॉबमधील रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षांनी जाहीरपणे बजावले, की वाहतुकीवरचा उपाय मोटारी हलविण्याचा असावा, अटलांटातून रेल्वेने माणसे कॉबमध्ये आणण्याचा नसावा. एवढी स्पष्टोक्ती राजकारणात क्वचितच ऐकू येते.

मार्टाच्या पाठीशी राज्याने कधी उभे राहावे? जॉर्जियाच्या राज्यघटनेप्रमाणे इंधनावरील कराचे उत्पन्न रस्ते आणि पूल यांवरच खर्च करावे लागते. देशातील मोठ्या वाहतूक संस्थांपैकी मार्टा ही अशी संस्था, की जिला चालू खर्चासाठी राज्याकडून नियमित अनुदान जवळजवळ मिळालेच नाही. एवढ्यावरही भागले नाही. विक्रीकरातून मिळणारी निम्मी रक्कम बांधकामावर आणि निम्मीच चालू खर्चावर वापरावी, असे बंधन राज्याने तिच्यावर दीर्घकाळ लादले. मंदीत उत्पन्न घटले की बसफेऱ्या कापायच्या आणि बांधकामाच्या खात्यातील पैशाकडे पाहत बसायचे, अशी अवस्था. हे बंधन उठायला २०१५ साल उजाडले. रेल्वेचे शेवटचे नवे स्थानक उघडले ते डिसेंबर २००० मध्ये. त्यानंतर या रेल्वेचा मार्ग वीतभरही पुढे सरकलेला नाही.

या काळात स्टेडियमांचे काय झाले ते पाहावे. १९६५ चे स्टेडियम १९९७ साली पाडले. १९९६ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेले स्टेडियम ‘टर्नर फील्ड’ या नावाने बेसबॉलला दिले, ते वीस हंगामांनंतर संघाला जुने वाटू लागले. १९९२ साली राज्याने बांधलेला ‘जॉर्जिया डोम’ २०१७ साली सुरुंग लावून उडविण्यात आला आणि त्याच्या शेजारी अमेरिकन फुटबॉलसाठी नवे स्टेडियम उभे राहिले. त्याच्या बांधकामालाही हॉटेलांवरील करातून २० कोटी डॉलरचा हातभार लागला. त्या जागेसाठी काळ्या समाजाची दोन जुनी चर्चे विकत घेऊन पाडण्यात आली. पंचवीस वर्षांचे स्टेडियम जीर्ण ठरते, आणि पन्नास वर्षांपूर्वी आखलेली रेल्वे अर्धवट राहिली तरी कोणाला त्याचे काही वाटत नाही!

शहर वाहतुकीविना पसरले की त्याची किंमत कोण मोजतो? २८ जानेवारी २०१४ रोजी, म्हणजे कॉबच्या ठरावाला नुकतेच दोन महिने झाले होते तेव्हा, अटलांटात सुमारे दोन इंच बर्फ पडले. दुपारी सारेच एकदम मोटारी घेऊन निघाले आणि महामार्ग गोठले. हजारो माणसांनी रात्र मोटारीत काढली, मुले शाळांतच झोपली. ही झाली मोटारवाल्यांची एका दिवसाची कथा. मोटार नसलेल्याची कथा रोजची आहे. क्लेटन या गरीब आणि बहुसंख्य काळ्या काउंटीने तोटा परवडत नाही म्हणून ३१ मार्च २०१० रोजी आपली संपूर्ण बससेवा बंद केली. फेऱ्या कमी केल्या असे नव्हे, सेवाच मिटवली. विमानतळावर सामान उचलणारा, हॉटेलात चादरी बदलणारी, इस्पितळात फरशी पुसणारी माणसे दुसऱ्या दिवशी कामावर कशी गेली असतील, याची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात नसते. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की अटलांटाच्या परिसरात सर्वांत गरीब पंचमांशात जन्मलेल्या शंभर मुलांपैकी पाचही सर्वांत वरच्या पंचमांशात पोहोचत नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात हे प्रमाण दुपटीहून अधिक आहे. कारणे अनेक आहेत. परंतु ज्या शहरात नोकरी एका टोकाला, घर दुसऱ्या टोकाला आणि मध्ये बसच नाही, तेथे कष्टाळूपणाच्या गोष्टी सांगणे ही क्रूर थट्टा आहे.

संघाच्या मालकांनी स्थलांतराची जी कारणे दिली ती तर संग्रही ठेवावीत. टर्नर फील्डजवळ भरवशाची सार्वजनिक वाहतूक नाही आणि पुरेसे वाहनतळ नाहीत, हे त्यांतील ठळक कारण! टर्नर फील्डपासून मार्टाचे स्थानक चालत जाण्याच्या अंतरावर होते आणि सामन्याच्या दिवशी मध्यवर्ती स्थानकातून बस सुटत असे. ते ‘अपुरे’ म्हणून संघ गेला कोठे, तर ज्या काउंटीत रेल्वेचा रूळच नाही आणि जिची स्वतःची बससेवा वर्षानुवर्षे रविवारी बंद असे तेथे. खरे कारण मालकांनीच प्रसिद्ध केलेल्या नकाशात होते. तिकिटे विकत घेणाऱ्यांची घरे त्यावर ठिपक्यांनी दाखविली होती आणि ते ठिपके शहराच्या उत्तरेकडील श्रीमंत उपनगरांत दाटले होते. ग्राहक जेथे तेथे दुकान, हा व्यापाराचा नियम आहे. त्यात नवल नाही. नवल एवढेच, की दुकानाची इमारत जिल्ह्याने बांधून द्यावी आणि गल्ला मालकाने सांभाळावा.

श्रमिकाला खेळाचा आनंद नको, असे येथे कोणी म्हणत नाही. दिवसभर राबलेल्या माणसाने संध्याकाळी मैदानात बसून आरोळ्या ठोकाव्यात, हा त्याचा हक्कच आहे. परंतु त्या मैदानापर्यंत जाण्यास त्याला मोटार लागत असेल, मोटार उभी करण्यास भाडे लागत असेल आणि आत शिरण्यास तिकीट लागत असेल, तर त्या मैदानाला ‘सार्वजनिक’ हे विशेषण कशाच्या आधारावर लावायचे?

मतदारांना टाळण्याची युक्तीही पाहण्यासारखी आहे. काउंटीला स्वतःच्या नावावर दीर्घ मुदतीचे कर्ज काढायचे तर मतदारांची संमती लागते. म्हणून कर्जरोखे काढले दुसऱ्याच एका प्राधिकरणाने आणि काउंटीने त्याच्याशी परतफेडीचा ‘करार’ केला. कर्ज फेडणार जनता. परंतु कागदावर कर्जदार ती नव्हे, म्हणून तिला विचारण्याचे कारण नाही! मे २०१४ मध्ये करारावर अखेरची मंजुरी घेण्याच्या सभेत नागरिकांना बोलण्यासाठी बारा जागा होत्या. त्या सर्व समर्थकांनी आधीच येऊन अडविल्या आणि बोलू द्या म्हणणाऱ्या विरोधकांना पोलिसांनी बाहेर नेले. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१५ साली न्यायालयाने व्यवहार वैध ठरविला. तो वैध आहे हेच तर दुखणे आहे.

२०१७ साली स्टेडियम उघडले. त्याच वर्षी काउंटीत काही ग्रंथालये बंद करण्याची भाषा सुरू झाली, आणि २०१८ च्या जुलैमध्ये तूट भरून काढण्यासाठी मालमत्ता कर वाढविण्यात आला. त्या तुटीला एकटे स्टेडियम जबाबदार नव्हते, हे मान्य. परंतु स्टेडियम स्वतःचा खर्च भागवून वर काउंटीला श्रीमंत करील, असे छातीठोक सांगणारे त्या वेळी कोठे होते? कॉबमधीलच केनेसॉ स्टेट विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ जे. सी. ब्रॅडबरी यांनी पुढे हिशेब मांडला, तेव्हा काउंटीला वर्षाकाठी सुमारे दीड कोटी डॉलर तोटा होत असल्याचे दिसले. हा व्यवहार घडवून आणणारे मंडळाध्यक्ष टिम ली यांना स्टेडियम उघडण्यापूर्वीच, २०१६ साली, मतदारांनी घरी बसविले. उशिरा का होईना, ज्यांना विचारले नव्हते त्यांनी उत्तर दिले. तोवर करारावरची शाई मात्र वाळली होती.

आता विरोधकांच्या भात्यातील सर्वांत जड बाण. २०१३ साली स्टेडियमविरुद्ध एकमेव मत देणाऱ्या लिसा क्युपिड पुढे काउंटीच्या अध्यक्ष झाल्या आणि त्यांच्या कारकिर्दीत, नोव्हेंबर २०२४ मध्ये, तीस वर्षे एक टक्का विक्रीकर लावून बससेवा वाढविण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे आला. तो शंभरातील सुमारे बासष्ट मतांनी फेटाळला गेला. २०१२ साली दहा काउंट्यांचा असाच प्रस्ताव असाच कोसळला होता. मग लोकांनाच सार्वजनिक वाहतूक नको असेल तर समाजवाद्यांनी गळे का काढावेत?

या आक्षेपाला उत्तर देताना पळवाट काढण्याचे कारण नाही. लोकांनी नाकारले हे खरे आहे. परंतु त्यांच्यापुढे काय ठेवले होते? विक्रीकर हा दुधाच्या बाटलीवर आणि मुलाच्या बुटांवर बसणारा कर, जो मिळकतीच्या मानाने गरिबाला सर्वांत जड जातो. पेट्रोलच्या कराला हात लावायचा नाही, चढत्या भावाने विकल्या गेलेल्या जमिनींवर वेगळा कर बसवायचा नाही, राज्याने पैसा द्यायचा नाही, आणि मग मोटारीवाचून ज्याचे पाऊल हलत नाही अशा मतदाराला विचारायचे, की तू कधीही न पाहिलेल्या बससाठी तीस वर्षे जादा पैसे देतोस का? ज्या क्लेटनला बससेवा जाण्याचा अर्थ अंगावर कळला होता, त्याने २०१४ साली प्रचंड बहुमताने हाच कर स्वीकारला आणि मार्टाची बस परत आणली. अटलांटा शहरानेही २०१६ साली कर वाढवून घेतला. अनुभव असला की जनता खिशात हात घालते. आणि मुख्य मुद्दा पुढेच आहे. बसविषयी कॉबच्या जनतेचा कौल अंतिम मानायचा असेल, तर स्टेडियमविषयी तो घेण्याचीसुद्धा गरज का भासली नाही? कौल घेतला असता तर कदाचित स्टेडियमही मंजूर झाले असते. पण मग निदान बेसबॉलचा मालक आणि बसथांब्यावरची मोलकरीण एकाच रांगेत उभे राहिले असते.

इकडे समरहिलमध्ये संघ गेल्यावर टर्नर फील्ड आणि भोवतालचे वाहनतळ एका विद्यापीठाने आणि एका विकासकाने विकत घेतले. त्यानंतर त्या वस्तीला शहराच्या मध्यभागाशी जोडणाऱ्या, स्वतंत्र मार्गिकेतून धावणाऱ्या जलद बसचे काम मार्टाने हाती घेतले. अशा प्रकारचा मार्टाचा हा पहिलाच मार्ग आहे. स्टेडियमे दाराशी उभी होती त्या पन्नास वर्षांत तो कोणाला सुचला नव्हता.