हेल्मेट डोक्याच्या मापाचं घ्या, आरशाच्या नाही



आजची नोंद पिकाची नाही, डोक्याची आहे. बोंडअळी, करपा, भाव, पाऊस यावर आपण रोज बोलतो. पण आपल्या जळगाव-धुळ्याकडे शेतकऱ्याच्या सगळ्यात जास्त वापरातलं अवजार कोणतं म्हणाल, तर मोटारसायकल. खताची गोणी तिच्यावर, दुधाची कॅन तिच्यावर, फवारणीचा पंप तिच्यावर आणि बाजारच्या दिवशी घरची मंडळीही तिच्यावरच. या सगळ्यात हेल्मेट कुठे असतं? आरशाला टांगलेलं, नाहीतर टाकीवर ठेवलेलं, नाहीतर घरी खुंटीला. चौफुलीवर पोलीस दिसला की डोक्यावर येतं, शंभर पावलं पुढे गेलं की परत आरशाला.

यावर लोक लगेच म्हणतात, शेतकरी बेफिकीर आहे. मला ते पटत नाही. जो माणूस रात्री दोनला लाईट आली म्हणून मोटार चालू करायला उठतो, तो जिवाबद्दल एवढा बेफिकीर कसा असेल? माझं मत असं आहे की हेल्मेट डोक्यावरून उतरतं ते टोचतं म्हणून. आणि टोचतं कारण आपण ते डोकं न मोजता घेतलेलं असतं. बहुतेकांनी ते दंड टाळायला घेतलं, रस्त्याच्या कडेला, दोन मिनिटांत, जे पहिलं डोक्यात गेलं ते. हेल्मेटच्या बाबतीत आराम ही चैन नाही. आराम असेल तर ते डोक्यावर राहील, आणि डोक्यावर असेल तरच वाचवेल.

आधी थोडा हिशोब. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे 2022 साली देशात रस्ता अपघातात 1,68,491 माणसं गेली. त्यातल्या 50,029 जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. यात गाडी चालवणारे 35,692 आणि मागे बसलेले 14,337. मागे बसलेल्यांचा आकडा परत वाचा. त्यावर खाली बोलतो.

"शेतातच तर जायचंय भो, तिथं काय हेल्मेट?" हे वाक्य प्रत्येक गावात ऐकू येतं. त्याचं गणित सोपं आहे. गाडी अगदी हळू असली आणि माणूस आडवा झाला, तरी डोकं साधारण दीड मीटरवरून खाली येतं. दीड मीटरवरून पडणारी वस्तू जमिनीला भिडते तेव्हा तिचा वेग ताशी जवळपास 20 किलोमीटर असतो. हा वेग गाडीने दिलेला नाही, नुसत्या पडण्याचा आहे. खाली डांबर आहे, मुरूम आहे की नाल्याचा दगड, ते आपण ठरवत नाही. आपल्या शिवारात आडवं काय येईल याचाही भरवसा नाही. कधी रानडुक्कर येतं, कधी नीलगाय, कधी कुत्रं, तर कधी अंधारात रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली.

हेल्मेट आतून काय करतं, ते केळीवाल्यांना चटकन कळेल. घड आपटला तर वरून साल चांगली दिसते, दोन दिवसांनी आत काळं पडलेलं निघतं. मेंदूचं तसंच आहे. कवटी फुटली नाही म्हणजे आत काही झालं नाही असं नसतं. हेल्मेटचं बाहेरचं कवच धक्का एका जागी न ठेवता पसरवतं. आतला थर्माकोलसारखा जाड थर दबतो आणि डोक्याला थांबायला थोडी जागा, थोडा वेळ देतो. सगळं काम त्या दबणाऱ्या थराचं. म्हणून नुसती प्लॅस्टिकची टोपी, बांधकामावरची पिवळी टोपी किंवा आत फक्त पातळ फोम असलेलं अर्धं हेल्मेट कामाचं नाही. आणि तो थर एकदाच दबतो. जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकचकीत दिसलं तरी ते संपलेलं असतं.

ही समज नवी नाही. 1935 साली इंग्लंडमध्ये 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखला जाणारा टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून पडून डोक्याच्या इजेने गेला. त्याला तपासणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. त्यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजांचा अभ्यास करून 1941 साली हेल्मेटच्या बाजूने लेख छापला. नंतर जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात हेल्मेटमुळे डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे 69 टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे 42 टक्क्यांनी कमी होतो असं निघालं. एखाद्या औषधाचा असा निकाल लागला असता तर कृषी केंद्रासमोर रांग लागली असती.

आता निवड. बियाणं घेताना आपण काय पाहतो तेच इथे पाहायचं: लेबल, नंबर, बिल.

1) मार्क. हेल्मेटवर आयएसआय मार्क हवा, त्याच्या वर आयएस 4151 हा मानक क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. 1 जून 2021 पासून या मार्कशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवणं-विकणं बेकायदा आहे. पण नुसतं स्टिकर कोणीही छापतो. बोगस बियाण्याची पाकिटं आपण पाहिलीच आहेत. म्हणून मोबाइलवर 'बीआयएस केअर' ॲप घ्या आणि तो परवाना क्रमांक टाकून पाहा, परवाना चालू आहे का, कंपनीचं नाव जुळतं का. दोन मिनिटांचं काम आहे. आणि पक्कं बिल घ्या.

2) माप. शिंप्याचा टेप घ्या. भुवयांच्या बोटभर वरून, कानांच्या वरून, मागे डोकं जिथे सगळ्यात बाहेर आहे तिथून फिरवा. 57, 58, 60, जे येईल ते लिहून ठेवा. हेल्मेटच्या लेबलवर माप सेंटीमीटर किंवा मिलीमीटरमध्ये असतं, म्हणजे 58 किंवा 580. 'मीडियम', 'लार्ज' या शब्दांवर जाऊ नका, आकडा पाहा.

3) घालून पाहा. गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. हेल्मेट धरून डावी-उजवीकडे फिरवलं तर गालाची, कपाळाची कातडी सोबत हलली पाहिजे. हेल्मेट एकटंच फिरत असेल तर ते मोठं आहे. मग पट्टा लावा आणि मागून वर-पुढे ओढा. डोक्यावरून निघून आलं तर परत ठेवा, अपघातातही ते असंच निघेल. पट्टा आणि हनुवटीखालची कातडी यात दोन बोटं जातील एवढीच ढील.

4) दहा मिनिटं थांबा. ही पायरी कोणी करत नाही आणि सगळी गडबड इथेच होते. दुकानात हेल्मेट घालून दहा-पंधरा मिनिटं बसा. सगळीकडून सारखा दाब असेल तर ठीक, गादी पुढे थोडी सैल होते. पण कपाळावर एकाच जागी टोचत असेल आणि बाजूने सैल वाटत असेल, तर ते आतून गोल आहे आणि तुमचं डोकं लांबट आहे. माप बरोबर असूनही ते तुमचं नाही, दुसऱ्या घडणीचं पाहा. अशा हेल्मेटने शिरपूर ते धुळे जाईपर्यंत कपाळ ठणकतं, आणि मग ते आरशाला जातं.

आता उन्हाचा मुद्दा, कारण खरी तक्रार तीच आहे. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा 43-44 च्या वर जातो. पुण्या-मुंबईच्या सल्ल्यात हे कुठे नसतं. माझं म्हणणं असं: पुढे हनुवटीला आणि कपाळावर हवा घेणारी भोकं आणि मागे हवा सोडणारी भोकं, दोन्ही असलेलं घ्या. फिका रंग घ्या. आतली गादी काढून धुता येणारी घ्या. खाली पातळ सुती टोपी किंवा फडकं चालतं, पण जाड रुमाल गुंडाळून त्यावर हेल्मेट नको. रुमालाने माप बदलतं आणि हेल्मेट सरकतं. रुमालच लागत असेल तर तो गळ्याला बांधा. आणि एक गोष्ट मान्य करा, दुपारच्या झळांमध्ये काच खाली घेतलेलं हेल्मेट उघड्या तोंडापेक्षा बरं असतं.

पूर्ण तोंडाचं घ्यावं की उघड्या तोंडाचं? सुरत-नागपूर महामार्ग असो, मुंबई-आग्रा असो की केळीच्या ट्रकांनी भरलेला चोपडा-यावल-रावेर रस्ता, तिथे पूर्ण तोंडाचंच. जर्मनीतल्या अपघातांच्या एका अभ्यासात हेल्मेटवरच्या आघातांपैकी सुमारे एक तृतीयांश हनुवटीच्या भागावर आढळले होते. उघड्या हेल्मेटमध्ये हा भाग रामभरोसे असतो. पण गाव ते शेत, दिवसातून सहा चकरा, यासाठी कोणी आयएसआय मार्कचं, कान झाकणारं उघड्या तोंडाचं हेल्मेट रोज घालत असेल, तर मी त्याला नावं ठेवणार नाही. खुंटीवरच्या भारी हेल्मेटपेक्षा डोक्यावरचं साधं हेल्मेट केव्हाही चांगलं. काही तज्ज्ञ मंडळींना हे पटणार नाही. मी तरी याच मताचा आहे.

काच साधी, पारदर्शक. काळी काच दिवसा रुबाबदार दिसते, रात्री खड्डा दिसत नाही. धुळीने ओरखडे पडलेल्या काचेवर समोरच्या ट्रकचा लाईट फुटतो. काच वेगळी मिळते, बदला.

फवारणी करणाऱ्यांसाठी खास. औषधाची बाटली, पंप आणि हेल्मेट एका पिशवीत, एका हुकाला नको. फवारणी झाली की हात-तोंड धुतल्याशिवाय हेल्मेट घालू नका. पॅराथिऑनवरच्या जुन्या प्रयोगात कपाळाची आणि टाळूची कातडी हाताच्या कातडीच्या सुमारे चौपट औषध शोषते असं दिसलं होतं. म्हणजे औषध लागलेली गादी कपाळाला बांधून फिरणं काय आहे, विचार करा. गादी साबणाच्या पाण्याने धुवा. कवच पुसायला पेट्रोल, रॉकेल, थिनर वापरू नका, त्याने प्लॅस्टिक आणि आतला थर दोन्ही खराब होतात. आपटलं नसलं तरी पाच वर्षांच्या आसपास बदला.

आता मागच्या सीटवर या. तिथे बायको असते, आई असते, शाळेतलं पोरगं असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 प्रमाणे चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं, फक्त चालवणाऱ्याला नाही. पण घरात हेल्मेट एकच, तेही कर्त्याच्या मापाचं. वहिनी एका बाजूला पाय टाकून, एका हातात पिशवी, एका हातात लेकरू धरून बसतात. पडताना त्यांना हात टेकवायलाही मोकळा नसतो. वरचा 14,337 चा आकडा अशांचाच आहे. त्यांचं डोकं मोजा, त्यांचं वेगळं घ्या. केस खाली मानेजवळ बांधले तर नीट बसतं. मुलांना मोठ्यांचं हेल्मेट देऊ नका, त्यांच्या मापाचं मिळतं.

पैशाचं म्हणाल, तर कापसाच्या 475 ग्रॅमच्या पाकिटाला 2025 च्या खरिपात 901 रुपये मोजले. साधं आयएसआय हेल्मेट एक-दोन पाकिटांच्या पैशात येतं आणि पाच हंगाम चालतं. दुसरी बाजूही पाहा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूला 2 लाख मिळतात. ज्यांच्या नावाने योजना आहे ते मुंडे साहेबही 3 जून 2014 ला दिल्लीत रस्ता अपघातातच गेले. योजना चांगली आहे, पण दोन लाखांत पोरांचं शिक्षण, सोसायटीचं कर्ज आणि म्हाताऱ्यांचं औषध भागत नाही.

कृषी सहायक, कंपन्यांचे प्रतिनिधी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांना एक विनंती. तुम्हीही दिवसभर दुचाकीवरच असता. पुढच्या शेतीशाळेत एक टेप ठेवा. आलेल्या प्रत्येकाचं आणि त्याच्या घरच्यांचं डोक्याचं माप लिहून घ्या आणि मग गटाने खरेदी करा. एकाच मापाची पन्नास हेल्मेटं वाटू नका. ती आरशालाच जातील.

आखाजीला लेक-जावई गाडीवर येतील. साडी-चोळी, टोपी-उपरणं होईलच. यंदा त्यांच्या डोक्याची मापं आधी मागवून ठेवा.